एक जूनवाले अण्णा

अण्णांना घेऊन कुठं जायचं म्हटलं की मी आधी सबब शोधायला लागायचे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी चहा प्याले तर कपबशी स्वतः विसळून ठेवतील, उन्हातनं आलेल्या पोस्टमनला आधी पाणी विचारतील, असे. पण चारचौघांत बसले की थोड्या वेळानं त्यांची नजर एखाद्या वयस्कर बाईवर स्थिरावायची आणि मग ते खणखणीत आवाजात विचारायचे, "तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं? माहेरी का सासरी? वेळ काय होती? जवळ कोण होतं?" बायका पदर तोंडाला लावायच्या. पुरुष एकदम पंख्याकडं बघायला लागायचे. आणि त्यांना घेऊन आलेली मी, म्हणून नंतर सगळे माझ्याकडं बघायचे.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे चुलतभाऊ. उभी हयात एसटीत गेली. शेवटची बरीच वर्षं सोलापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या आणि माइकवर गाड्या पुकारायच्या, हे काम. निवृत्त झाल्यावर माइक गेला, आवाज तसाच राहिला. घरात काकूंना 'पाणी आण' म्हणाले तरी गल्लीतल्या माणसांनी पिशव्या उचलून उभं राहावं असं वाटायचं. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. समोरच्याचं बोलणं संपलं की एकदा मनगट उलटं करून ते बघायचे, जणू वाक्य किती उशिरा लागलं याची त्यांना नोंद करायची होती. नवीन माणूस त्यानं गोंधळून जायचा.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप वडिलांना दिला आणि त्यात वंशावळीचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. "बाबांचा वेळ जाईल," म्हणाला. बाबांचा गेलाच, माझाही गेला. मी सोलापुरात शाळेत शिकवते, अण्णांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते आणि मला मराठी टाइप करता येतं, एवढ्या गुन्ह्यांसाठी माझे कित्येक रविवार अण्णांच्या समोरच्या खोलीत गेले. ते सांगणार, मी लिहिणार. नाव, जन्मतारीख, वेळ, ठिकाण आणि शेवटी साक्ष. माहिती कुठून मिळाली ते लिहायचा तो रकाना. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव वेगळं होतं, पण अण्णा त्याला साक्षच म्हणायचे.

सुरुवातीला त्यांनी मोबाइलवरच्या घराण्याच्या ग्रुपला माहिती मागवली. आली ती बघून त्यांचं डोकं फिरलं. कुणी महिना आधी लिहिलेला, कुणी वर्ष आधी. कुणी 'श्रावणातला गुरुवार' एवढंच लिहून गप्प. एका चुलतभावानं जन्मवेळेच्या जागी 'शुभ' असं लिहून पाठवलं होतं. अण्णा म्हणाले, "एका घराण्यातली माणसं आहेत का चार डेपोंच्या गाड्या? सगळ्यांना नियम सारखा. आधी तारीख, मग महिना, मग वर्ष. महिना अक्षरात." मग ठिकाणाचा घोळ निघाला. आमचं घराणं मंद्रूपचं, म्हणून झाडून सगळ्यांनी जन्मठिकाण मंद्रूप टाकलेलं. अण्णांनी एकेकाला फोन लावला. "तुझी आई वैरागची. तू पहिला. पहिलटकरीण बाळंतपणाला सासरी थांबली होती का? मग मंद्रूप कसं?" पलीकडचा म्हणायचा, "अण्णा, आता त्यानं काय फरक पडतोय?" अण्णा म्हणायचे, "बापाचं गाव म्हणजे गाडीचा डेपो. गाडी सुटली कुठनं, ते सांग."

एकजण मात्र त्यांना पुरून उरला. माझा एक आतेभाऊ खरोखरच एसटीत जन्मलेला, मोहोळ सोडल्यावर आणि सोलापूर यायच्या आत. सॉफ्टवेअरला ठिकाण हवं होतं आणि अण्णांना तर हवंच होतं. 'धावत्या गाडीत' असं मी सुचवलं तर म्हणाले, "गाडी हे ठिकाण नसतं. वाहन असतं." शेवटी त्या गाडीचा रिटायर झालेला कंडक्टर शोधून काढला. त्याला एसटीनं मोहोळला नेलं आणि परत येताना खिडकीतनं जागा दाखवायला लावली. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, रस्ता केवढा झालाय आता, ते लिंबाचं झाड बी न्हाय ऱ्हायलं." तरी एका पुलावर तडजोड झाली. आतेभावाला सगळे आता 'पुलावरचा' म्हणतात आणि तो अजून अण्णांच्या नावानं बोटं मोडतो.

वैरागला तर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अण्णांचे मामा वारले होते. दहाव्याला आम्ही गेलो. विधी आटोपले होते, माणसं मांडवात टेकली होती. अण्णांनी चहा घेतला, कप विसळला आणि मामांच्या थोरल्या बहिणीला, चांगल्या नव्वदीच्या म्हातारीला, विचारलं, "मावशी, मामांचा जन्म कधीचा?" मी मागून त्यांचा सदरा ओढला. ते मोठ्यानं म्हणाले, "ओढू नको. साक्षीदार एकच उरलाय."

म्हातारी रडायची थांबली. "त्यो झाला तवा आमची म्हस बी याली हुती बघ. हिकडं आई कण्हतीया, तिकडं म्हस."

"म्हैस कुठल्या महिन्यात व्याली?"

"आता म्हशीची पत्रिका मांडली न्हवती रं बाबा आमी."

मांडवातले दोघंतिघं हसले. त्यांचं बघून बाकीचे हसले. मामांचा मुलगा डोकं भादरलेलं, खांद्यावर उपरणं, असा उभा राहून आमच्याकडं बघत होता. तिथनं उठावं आणि थेट बार्शीपर्यंत चालत सुटावं असं मला वाटलं. पण म्हातारी थांबायला तयार नव्हती. रेडकू झालं का रेडी, खरवस कुणाकुणाच्या घरी दिला, भावाला पहिल्यांदा कुणी उचललं, सगळं सांगत सुटली. निघताना तिनं अण्णांचा हात धरला. "तेराव्याला बी ये. थोरल्या भावाचं सांगते," म्हणाली. अण्णा गेले. मी त्या दिवशी शाळेत परीक्षा आहे म्हणून सांगितलं.

दुसऱ्यांच्या जन्माचा असा पिच्छा पुरवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या नोंदीत जन्मतारखेचा रकाना मोकळा होता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "माझ्या जन्माला हजर असलेलं कुणी उरलं नाही."

"पण तुम्ही तर होता ना?"

"होतो. पण मला आठवत नाही. स्वतःच्या जन्माला स्वतःची साक्ष चालत नाही."

अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. मृत्यूच्या दाखल्यासाठी जन्मतारीख द्यायची वेळ आली तेव्हा पेन्शनच्या कागदावर एक, आधार कार्डावर दुसरी आणि जुन्या पत्रिकेत तिसरी निघाली. मुलानं मला फोन करून विचारलं, "यातली कुठली देऊ?" मला हसू आलं. मी म्हटलं, जी देशील तिच्यात महिना अक्षरात लिही.

आता एक जूनचं सांगायला हवं. आमच्या वयाच्या माणसांना हे ठाऊक असतं, पण नव्या पोरांना कळत नाही. गावात मूल शाळेत घालायला न्यायचं तेव्हा तारीख कुणालाच सांगता यायची नाही. मास्तर पोराकडं बघायचे, डोक्यावरनं हात नेऊन त्याला पलीकडचा कान धरता येतो का पाहायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर भरतं, सगळ्यांचीच सोय. त्यामुळं आमच्या घराण्यातली निम्मी माणसं एक जूनची. सॉफ्टवेअर वाढदिवसाची आठवण करून द्यायचं. पहिल्या वर्षी एक जूनला सकाळी अण्णांनी लॅपटॉप उघडला तो नावांची ही रांग. त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी एकेकाला फोन करून अभीष्टचिंतन केलं. "अण्णा, माझा वाढदिवस आज न्हाय ओ," लोक म्हणायचे. "कागदावर आहे," अण्णा म्हणायचे आणि पुढचा नंबर लावायचे.

कागदावरचा त्यांचा हा विश्वास सॉफ्टवेअरनंच घालवला. दोन तारखांचा मेळ बसला नाही की ते नावापुढं लाल त्रिकोण दाखवायचं. एका घरातल्या दोन सख्ख्या भावांमध्ये पाच महिन्यांचं अंतर निघालं. थोरल्याची तारीख दवाखान्यातली, धाकट्याची मास्तरांची. एक आत्या तर आपल्या आईच्या लग्नाआधीच जन्मलेली दिसायला लागली. अण्णा हादरले. दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. "मी चुकीच्या गाड्या पुकारत होतो," म्हणाले. आणि मग नवा नियम निघाला. एक जून कुणाचाही असो, खोडायचा. जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाला गाठायचं, त्याच्याकडून सण, पीक, पाऊस काढून घ्यायचा आणि पुढं 'अंदाजे' लिहायचं. अपवाद नाही. मग अण्णा एसटीचा पास काढून गावोगाव हिंडायला लागले आणि नातेवाइकांत त्यांचं नाव एक जूनवाले अण्णा पडलं.

मीही कागदावर एक जूनचीच. पण मला त्याचं कधी काही वाटलं नाही, कारण माझी खरी तारीख मला ठाऊक होती, किंवा निदान खरा सण. आई लहानपणापासून सांगायची, "एक जून मास्तरनं घातलाय. तू दसऱ्याची." म्हणून आमच्या घरी माझा वाढदिवस दसऱ्याला. सोनं वाटून झालं की आई माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि देवापुढं वाकायला लावायची. शाळेत मैत्रिणींना मी ऐटीत सांगायचे, माझा वाढदिवस मास्तरांचा नाही, देवीचा आहे. अण्णांनाही मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला विचारू. मंद्रूपला गेल्यावर." मंद्रूप घरचंच, कधीही जाता येतं, म्हणून ते मागं राहत गेलं. तोवर माझा एक जून तसाच होता.

मग घराण्याचा मेळावा भरला. सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात, सगळ्या शाखांची माणसं, शिरा-भजीचं जेवण. भिंतीवर मोठा पडदा लावून त्यावर अख्खी वंशावळ दाखवायची, ही अण्णांची कल्पना. पुढच्या मेळाव्याला तिचं पुस्तक छापून घरोघरी वाटायचं, हेही त्यांनी ठरवलेलं. कित्येक वर्षांनी त्यांच्या हातात माइक आला होता. एकेका शाखेला त्यांनी असं पुकारलं की मोहोळची मंडळी खरोखरच दाराकडं बघायला लागली. माझी आई मंद्रूपहून इरकल नेसून आली होती, बायकांच्या रांगेत कडेला बसली होती.

तेवढ्यात मोहोळच्या एका चुलतभावानं पिशवीतनं एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका काढली. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची. अण्णांना स्वर्ग दोन बोटं उरला. माझ्या आईवडिलांच्या लग्नाची तारीख त्यांच्याकडं नव्हती. आईला विचारलं की ती म्हणायची, "कोन ध्यानात ठेवतंय त्ये." अण्णांनी सगळ्यांसमोर, पडदा चालू असताना, एका बोटानं ती तारीख टाकली. माघातली. आणि माझ्या आईच्या नावापुढं, भिंतीएवढ्या पडद्यावर, लाल त्रिकोण उभा राहिला.

पुढच्या खुर्चीतल्या माझ्या एका चुलतभावानं त्याखालचं इंग्रजी वाचलं आणि मोठ्यानं मराठीत सांगितलं, "लग्नानंतर चौथ्या महिन्यात मूल!"

मग मागून आवाज आला, "काकींची गाडी टायमाच्या आदीच लागली की!" आणि सगळं कार्यालय हसलं.

मी उठून उभी राहिले. कधी उठले मला कळलं नाही. "अहो, एक जून आहे ती!" मी ओरडले. "मास्तरांची तारीख आहे! खोटी आहे ती, खोटी!"

"हां, एक जून व्हय!" लोक म्हणाले. सगळ्यांनाच हायसं वाटलं. लगेच ज्याच्या त्याच्या एक जूनच्या गमती सुरू झाल्या, दोषाचं खापर गावोगावच्या मास्तरांवर फुटलं. एवढ्यावर ते मिटलं असतं. पण अण्णांच्या हातात माइक होता. "सदर नोंद चौकशीवर ठेवण्यात आली आहे," त्यांनी पुकारलं.

मी आईकडं पाहिलं. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती. जेवायला थांबली नाही. "कोंबड्या झाकायच्या हायत," म्हणाली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली. जेवणाच्या रांगेत एक आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एक जूनानं वाचवलं बाई तुझ्या आईला." मी हसले. हसताना तोंड दुखत होतं. त्या दिवशी मला अण्णांचा इतका राग आला होता की त्यांचा लॅपटॉप नेऊन तळ्यात टाकावा.

पुढच्या रविवारी ते माझ्या दारात उभे. "मंद्रूपला जाऊ," म्हणाले. "लाल त्रिकोण ठेवून मला जेवण जात नाही. आणि ते सगळ्यांसमोर झालं, ते फार वाईट झालं. तारीख मी तिथं टाकायला नको होती." अण्णांना असं खाली मान घालून बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"अण्णा, जायची गरजच नाही. मी सांगते ना, दसरा. अंदाजे. लिहून टाका."

"तुझी साक्ष चालत नाही," ते म्हणाले.

एसटीनं गेलो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, आई गावात एकटीच राहते. तिनं सोप्यात सतरंजी टाकली, चहा केला. दार सताड उघडं होतं आणि बाहेरच्या कट्ट्यावर शेजारची काकू मेथी निवडत बसली होती. तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जाते. अण्णा गावात आले की त्यांची बोली बदलायची, आवाज तेवढा तोच राहायचा.

"वैनी, हिचा जन्म कवाचा?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता आणि 'अंदाजे' मी आधीच लिहून ठेवलं होतं.

"दसरा. सांग की आई," मी म्हटलं.

"एक जून," आई म्हणाली.

"अगं, ती मास्तरांची तारीख. तीच तर खोडायला आलोय."

"मास्तरची न्हाय. माझी हाय." ती पदराशी खेळायची थांबली. "तुला शाळंत घालाया मीच गेलते. मास्तरनं तारीख इचारली. म्हनलं, एक जून. तर त्यो हसाय लागला. म्हनला, बाई, ती सांगायची गरज न्हाय, ती मी घालनारच हुतो." आई किंचित हसली. "मंग मला बी बरं वाटलं. म्हनलं, समद्यांच्यात लपून जाईल. आन् तुला दसरा सांगितला."

मला कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं. महिने मोजायची गरज नव्हती, ते काम त्या त्रिकोणानं सगळ्या घराण्यासमोर आधीच करून ठेवलं होतं. मी पहिल्यांदा बघितलं ते आईकडं नाही, दाराकडं. बाहेर मेथी निवडणारे हात थांबले होते. मी लॅपटॉप खाली ठेवला आणि दार लावायला उठले.

"दार कशाला लावतीस?" आई म्हणाली. "ऱ्हाऊ दे उघडं."

"आई, हळू बोल."

"लई वर्सं हळूच बोलले." तिचा आवाज चढला नव्हता, पण खालीही आला नाही. "परवा तू समद्यांपुढं उभी ऱ्हाऊन वरडलीस, खोटं हाय, खोटं हाय म्हून. माझ्यापायी वरडलीस, ठावं हाय मला. पर मला लई वंगाळ वाटलं. तुझ्या बानं आन् मी काय बी केलं आसंल. तू खोटी न्हाईस."

मग समोरच्या भिंतीकडं बघत तिनं सांगितलं. सुपारी फुटली होती, लग्न ठरलं होतं. तेवढ्यात माझे आजोबा, वडिलांचे वडील, वारले आणि लग्न वर्षभर लांबलं. भादव्यात मूग काढायला माणसं कमी पडत होती म्हणून वडील तिच्या गावी मदतीला गेले होते. "पुढं मला दिस गेल्यालं कळलं. ह्ये पळाले न्हाईत. वरीस व्हायच्या आदीच माघात घाईनं लगीन लावलं. येवढंच हाय," ती म्हणाली.

मी मान खाली घालून बसले होते. आता अण्णा उठतील असं मला वाटलं. किंवा दसराच लिही म्हणतील. खरं सांगायचं तर त्यांनी तसं म्हणावं म्हणून मी मनात देवाला हात जोडत होते. पुस्तक छापून घरोघरी जाणार होतं.

अण्णा म्हणाले, "वेळ?"

आईनं मान वर केली.

"वेळ काय हुती, वैनी? आन् ठिकान?" ज्या आवाजात त्यांनी उभ्या घराण्याला विचारलं, त्याच आवाजात. ना चढा, ना दबका.

आई सावरून बसली. "दिवस बुडायला आलता," ती म्हणाली. "लाइटी लागल्या न्हवत्या. ठिकान सोलापूर. पूर्व भागात आमची येक खोली हुती, ह्ये तितं कापडाच्या मागावर कामाला हुते. माहेरी न्यायला माझा भाऊ आलाच न्हाय. शेजारची बाई तेलुगू बोलायची. मला त्यातलं येक अक्शर कळत न्हवतं, तिला माझं कळत न्हवतं. पर तिनंच समदं केलं. हिला पुसून माझ्या छातीवर ठिवली आन् तिच्या भाषंत कायतरी म्हनली. चांगलंच म्हनली आसंल." आता ती अण्णांकडं बघून बोलत होती, भिंतीकडं नाही. "शिमग्याला गावात आले तवा लोकं म्हनायची, पाच म्हैन्याची पोर उबी कशी ऱ्हाती! मी म्हनायची, दसऱ्याची हाय, देवीची किरपा हाय."

मी पाचव्या महिन्यात उभी राहिले हे कौतुक मी लग्नानंतर सासरीसुद्धा सांगितलं होतं.

"साक्ष?" अण्णांनी विचारलं.

"माझी की. मी हुते तितं."

अण्णा माझ्याकडं वळले. "लिही. एक जून. 'अंदाजे' काढ."

मी काढलं. लाज वाटत होती. बाहेर ऐकत बसलेल्या बाईची वाटत होती, आईची वाटत होती, आणि आईची वाटली म्हणून स्वतःची त्याहून जास्त वाटत होती. नोंद झाली, पण लाल त्रिकोण काही हलला नाही. तो घालवायची सोय होती, एक बटण दाबलं की सॉफ्टवेअर गप्प बसायचं. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तारीख खरी, लगीन खरं. त्रिकोण राहू दे."

आई वाकून लॅपटॉपच्या पडद्यावर बघत होती. तिला वाचता येत नाही. तिनं त्रिकोणावर बोट ठेवलं. "ह्ये तांबडं काय हाय?"

अण्णांना खोटं बोलता येत असतं तर ते त्यांनी आता बोलावं असं मला फार वाटलं.

"वैनी," अण्णा म्हणाले, "मशीन म्हनतंय, लगनानंतर लेकरू लई लवकर झालं."

आईनं थोडा वेळ त्या त्रिकोणाकडं निरखून पाहिलं.

"त्याला म्हनावं," ती म्हणाली, "आमाला बी तसंच वाटलं हुतं."